उद्योगांना सरकारी मदत: कोणत्या अटींवर आणि किती वर्षं?

प्रश्न असा आहे. अर्थशास्त्रज्ञांचा एक गट म्हणतो की कोणता उद्योग वाढावा हे सरकारने ठरवूच नये. दुसरा गट दक्षिण कोरियाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की सरकारने ठरवलं म्हणूनच तो देश उभा राहिला. मग तेच करायला गेलेल्या भारतात परवाना राज का झालं? आणि आज केंद्राची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, किंवा राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना पारखायची असेल तर नेमकं काय पाहायचं?

आधी थोडक्यात उत्तर. सिद्धांतांमधलं भांडण बहुतेक वेळा मदत द्यावी की नाही इथेच अडकून पडतं. प्रत्यक्षात योजनेचा निकाल तीन गोष्टींवर लागतो: मदतीच्या बदल्यात काय मागितलं, ते कोणी आणि कशावरून मोजलं, आणि जमलं नाही तेव्हा मदत खरोखर थांबली का. कोरियाने आयात अडवली, आपणही अडवली. कोरियाने १९६१ मध्ये बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, आपण १९६९ मध्ये घेतल्या. पंचवार्षिक योजना दोघांच्याही होत्या. फरक पडला तो या तीन गोष्टींत.

सिद्धांतांचा पट आधी भरभर पाहू, कारण आजच्या वादातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पूर्वी कोणीतरी बोलून गेलेलं आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलं की प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने स्वस्तात जमेल ते करावं आणि बाकीचं विकत घ्यावं. त्यावर जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टने १८४१ मध्ये हरकत घेतली: तुलनेने काय जमतं हे जन्मजात नसतं, करून करून येतं, म्हणून कोवळ्या उद्योगाला काही काळ कुंपण हवं. आपल्याकडे हा धागा न्यायमूर्ती रानड्यांनी उचलला. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्पष्ट सांगितलं की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. चारच वर्षांनी त्याचा ढळढळीत पुरावा मिळाला. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावरचं आयात शुल्क साडेतीन टक्के ठेवलं आणि मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढंच, साडेतीन टक्के अबकारी शुल्क बसवलं. मँचेस्टरला तोशीस लागू नये एवढ्यासाठी. ते शुल्क निघायला १९२५-२६ उजाडलं.

दरम्यान १९२१-२२ च्या वित्तीय आयोगाने एक त्रिसूत्री दिली. संरक्षण मागणाऱ्या उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता असावी, मदतीशिवाय तो उभा राहू शकत नसावा, आणि कालांतराने मदतीशिवाय जगाशी टक्कर देण्याची त्याची शक्यता असावी. कागदावर ही कसोटी आजही उत्तम आहे. तिच्या आधारे १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलादाला आणि १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळालं. साखर कारखान्यांची संख्या तिशीच्या घरातून चार-पाच वर्षांत १३० च्या पुढे गेली. पण तिसरं सूत्र, म्हणजे कुंपण कधी काढायचं, ते कोणी पाळलं नाही. साखरेवर २०१८ पासून १०० टक्के आयात शुल्क आहे. उसाच्या अर्थकारणाची इतर कारणं खरी आहेत, ती मी नाकारत नाही. पण कोवळा उद्योग म्हणून दिलेलं संरक्षण नव्वद वर्षांनंतर त्या नावाने सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तीन विचार महत्त्वाचे ठरले. रोझेनस्टाइन-रोडान यांनी १९४३ मध्ये 'मोठा धक्का' मांडला. त्यांचं उदाहरण साधं होतं. वीस हजार बेकारांना एका बुटांच्या कारखान्यात लावलं, तर ते आपला सगळा पगार बुटांवर खर्च करणार नाहीत, म्हणून एकटा कारखाना बुडेल; अनेक कारखाने एकदम काढले तर प्रत्येकाचा कामगार दुसऱ्याचं गिऱ्हाईक होईल. हर्षमन यांनी १९५८ मध्ये याला उत्तर दिलं की एकदम सगळं करण्याची कुवत असती तर तो देश गरीब राहिलाच नसता. जिथून मागे पुरवठादारांकडे आणि पुढे ग्राहक उद्योगांकडे जास्तीत जास्त दुवे निघतात असा उद्योग धरा, बाकीचे ताणाने ओढले जातील. तिसरे आपले महालनोबीस: दुसऱ्या योजनेत, १९५६ ते ६१, यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांना अग्रक्रम. १९५६ मध्येच मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी आक्षेप घेतला की कामगार खातो ते धान्य आणि नेसतो ते कापड आधी पुरेसं नसेल तर पोलादाची योजना महागाईत आणि टंचाईत अडकेल. साठच्या दशकातला अन्नधान्याचा पेच पाहता त्यांचा इशारा दुर्लक्षित राहायला नको होता.

या सगळ्यावर चौथा विचार १९७४ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अॅन क्रूगर यांचा. परवान्याला किंमत आली की उद्योजकाचा वेळ आणि पैसा कारखान्याऐवजी परवाना मिळवण्यात जातो, आणि तो खर्च समाजाच्या दृष्टीने निव्वळ वाया जातो. दिल्लीला खेपा घालणाऱ्या कंपन्यांचं हे अचूक वर्णन होतं.

आता कोरिया. लोक 'सरकारने विजेते निवडले' एवढंच ऐकून पुढे जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

साठच्या दशकात कोरियाच्या निर्यात कर्जाची पद्धत अशी होती. कंपनीला परदेशी खरेदीदाराकडून पतपत्र, म्हणजे एल.सी. (माल पाठवला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी), मिळालं की तो कागद घेऊन ती बँकेत जायची. बँकेने त्यावर खेळतं भांडवल जवळजवळ आपोआप द्यायचं, आणि व्याज सुमारे ६ टक्के. १९६५ च्या व्याजदर सुधारणेनंतर साधं बँक कर्ज २५ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे सवलत प्रचंड होती. पण ती कोणाला द्यायची हे सचिव ठरवत नव्हता. टोकियो किंवा न्यूयॉर्कमधला खरेदीदार ठरवत होता. माल त्याला पसंत पडला तर पतपत्र, पतपत्र असेल तर कर्ज. ओळखीच्या माणसाला घुसायला जागा कमी. शिवाय निर्यातदार आपल्या देशी पुरवठादाराच्या नावे स्थानिक पतपत्र काढू शकायचा, आणि त्या पुरवठादारालाही तीच सवलत लागू व्हायची. म्हणजे सूत आणि बटणं पुरवणारा छोटा कारखानाही साखळीत यायचा. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्कमुक्त, आणि त्यात 'घट-तूट' म्हणून गरजेपेक्षा थोडी जास्त मोकळीक. तो उरलेला माल देशात चढ्या भावाने विकता यायचा. हेही अनुदानच, फक्त अर्थसंकल्पात न दिसणारं.

यावर देखरेख म्हणून राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दर महिन्याला निर्यात बैठक घ्यायचे. मंत्री, बँका आणि उद्योगपती एका खोलीत. लक्ष्य आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी. कोणाचा माल बंदरात अडला, कोणाला वीज मिळाली नाही, हे तिथेच निघायचं. १९६४ मध्ये १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरवर गेली.

१९७३ मध्ये पार्क यांनी पोलाद, अलोह धातू, यंत्रं, जहाजबांधणी, इलेक्ट्रॉनिक्स आणि रसायनं असे सहा उद्योग निवडले. पोहांगचा पोलाद कारखाना त्याआधीच, १९६८ मध्ये, स्थापन झाला होता. जागतिक बँकेच्या मते तो व्यवहार्य नव्हता. रिकार्डोच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं: देशात ना चांगलं लोहखनिज, ना कोकिंग कोळसा, ना भांडवल. कोरियाने जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून काम सुरू केलं आणि तंत्रज्ञानही जपानी कंपन्यांकडूनच घेतलं. १९७३ मध्ये सुमारे १० लाख टन क्षमतेचा पहिला टप्पा सुरू झाला. १९७७ मध्ये एका बांधकामात काँक्रीटचा दोष सापडला, तेव्हा कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जुन यांनी बरंचसं उभं राहिलेलं ते काम सर्वांसमोर सुरुंग लावून पाडायला लावलं. अशा गोष्टी कोणत्याही सिद्धांतात मावत नाहीत, पण पोलाद नंतर स्वस्त का पडलं याचा काही भाग त्यात आहे.

या मोहिमेची किंमतही सांगायला हवी. महागाई वाढली. चांगवॉनचा अवजड यंत्रांचा प्रकल्प अवाढव्य होऊन रिकामा पडला आणि १९८० मध्ये सरकारला ताब्यात घ्यावा लागला. कापड आणि छोट्या उद्योगांना कर्ज मिळेनासं झालं. कामगार संघटना दडपल्या गेल्या. १९७९ मध्ये खुद्द सरकारनेच स्थिरीकरणाकडे मोर्चा वळवला आणि १९८० मध्ये अर्थव्यवस्था आकुंचन पावली. तरीही अर्थशास्त्रज्ञ नेथन लेन यांच्या तपशीलवार अभ्यासातून दिसतं की निवडलेल्या उद्योगांची वाढ मदत थांबल्यावरही टिकली, आणि त्यांचा माल वापरणाऱ्या पुढच्या उद्योगांनाही फायदा झाला. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच कोरियाचं नाव घ्यावं. नुसतं यश सांगणारा आणि नुसतं अपयश सांगणारा, दोघेही अर्धी वही दाखवतात.

तुलनेसाठी मलेशियाची प्रोटॉन पाहा. १९८३ मध्ये कंपनी स्थापन, मित्सुबिशीचं तंत्रज्ञान, बाहेरच्या गाड्यांवर जबर शुल्क. ह्युंदाईची पोनी १९७६ मध्ये परदेशात जायला लागली होती आणि १९८६ मध्ये कंपनी अमेरिकेत उतरली. प्रोटॉननेही काही निर्यात केली, पण तिचं पोट भरत होतं ते घरच्या संरक्षित बाजारावर. २०१७ मध्ये ४९.९ टक्के हिस्सा चीनच्या गीलीला गेला. संरक्षण दोघांनाही होतं. परदेशी गिऱ्हाइकाची परीक्षा एकाला रोज होती, दुसऱ्याला सोयीनुसार.

भारतात काय बिघडलं? १९५१ च्या कायद्याने परवाना फक्त कारखाना काढायला लागत नव्हता. किती माल काढायचा हेही त्यात लिहिलेलं असे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं, काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत, नंबर लावून बसायचे आणि कंपनीला मात्र परवान्यापेक्षा जास्त स्कूटर काढायची मोकळीक नव्हती. कोरियात जास्त उत्पादन काढणाऱ्याला बक्षीस मिळायचं, इथे तो गुन्हा ठरायचा. वर १९६७ पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव केल्या. ४७ वरून ही यादी ऐंशीच्या दशकात ८०० च्या वर गेली आणि पूर्ण संपायला २०१५ साल लागलं. त्या यादीतला कारखाना मोठा झाला की सवलत जाणार, म्हणून मालक मोठा होण्याऐवजी भावाच्या आणि बायकोच्या नावाने दुसरं शेड टाकायचा. निर्यातीला लागणारा आकार कधी आलाच नाही.

तरीही 'बंद अर्थव्यवस्थेत काहीच शिकलं गेलं नाही' हे म्हणणं चूक आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डेमलर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ मध्ये संपला. १९६६ पासून पुण्यात कंपनीचं संशोधन केंद्र, स्वतःची टूलरूम (अवजारं आणि साचे घडवणारी कार्यशाळा), डाय बनवण्याची सोय आणि कारागीर प्रशिक्षण उभं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हलक्या व्यापारी वाहनांसाठी चार जपानी भागीदारींना परवानगी दिली: टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा. सगळ्यांना वाटलं टेल्को संपली. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः घडवलेला ४०७ टेम्पो आणला. त्याच सुमारास, १९८५ च्या चलनदरांबाबतच्या प्लाझा करारानंतर, येन भडकला. डॉलरला सुमारे २४० येन असलेला भाव दोन-तीन वर्षांत १२०-१३० वर आला. जपानी गाड्यांचे सुटे भाग पेट्यांतून येत होते, त्यांची किंमत रुपयांत दुपटीकडे गेली. ४०७ चे भाग भोसरी-चिंचवडच्या व्हेंडरकडून येत होते. शिवाय ती आपल्याकडच्या जास्त भार भरण्याच्या सवयीला टिकणारी होती. बाजार तिने घेतला.

आता त्याच काळातली, तेवढंच संरक्षण मिळालेली मुंबईच्या कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मोटार घ्या. फियाटचं १९६० च्या दशकातलं मॉडेल, थोड्याफार बदलांनी २००० पर्यंत चालत राहिलं. एकाच कुंपणातली दोन झाडं. मला यातला मुख्य फरक गिऱ्हाइकात दिसतो. ट्रक घेणारा माणूस प्रत्येक फेरीचं डिझेल, टायर आणि खोळंबा मोजतो. समोर अशोक लेलँडही होतीच. मोटारीचं गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, त्याला पर्याय नव्हता.

आणि आपण महाराष्ट्रीयांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. पन्नाशीच्या दशकापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत वाहतूक समानीकरण धोरण होतं. त्यामुळे पोलाद जमशेदपूरला ज्या भावाने मिळायचं त्याच भावाने मुंबई-पुण्यालाही मिळायचं. पश्चिम किनाऱ्याच्या अभियांत्रिकी उद्योगाला हे मोठं, न दिसणारं अनुदान होतं, आणि त्याची किंमत बिहार, बंगाल आणि ओडिशाने मोजली. आपला उद्योग निव्वळ उद्यमशीलतेवर वाढला असं सांगताना हा हिशेब गाळणं योग्य नाही.

आता कामाचा भाग. एखादी योजना समोर आली की तीन गणितं कागदावर करा. त्यांना संगणकही लागत नाही.

पहिलं गणित परिणामकारक संरक्षणाचं. शुल्काचा छापील दर पाहू नका, मूल्यवर्धनावर किती संरक्षण मिळतं ते पाहा. समजा एका वस्तूची जागतिक किंमत १०० रुपये, त्यात ६० चा आयात माल, म्हणजे कारखान्यातलं मूल्यवर्धन ४०. तयार मालावर २० टक्के आणि सुट्या भागांवर ५ टक्के शुल्क असेल तर देशात भाव १२०, भागांचा खर्च ६३, मूल्यवर्धन ५७. चाळीसचे सत्तावन्न झाले, म्हणजे संरक्षण ४२.५ टक्के. छापील दराच्या दुप्पट. आता उलटं करा: तयार मालावर शून्य, भागांवर १० टक्के. मूल्यवर्धन १०० वजा ६६, म्हणजे ३४. संरक्षण उणे १५ टक्के. यालाच उलटी शुल्करचना म्हणतात. इचलकरंजीचा यंत्रमागधारक सुतावरच्या शुल्काबद्दल तक्रार करतो तेव्हा हेच सांगत असतो: सूत गिरणीला दिलेलं कुंपण त्याच्यासाठी दंड असतो. त्याच पद्धतीने नुसत्या जोडणीचा धंदा पाहा. १०० ची वस्तू, ८५ चे भाग शुल्कमुक्त, तयार मालावर २० टक्के शुल्क. पंधराचे पस्तीस झाले, संरक्षण १३३ टक्के. एवढ्या उंच कुंपणात स्क्रू पिळण्याचा धंदाही छान चालतो आणि आत खोल जायची कोणाला गरज वाटत नाही.

दुसरं गणित प्रोत्साहन कशावर दिलं त्याचं. मोबाइलच्या पीएलआयमध्ये २०१९-२० हे आधारवर्ष धरून वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के, पाच वर्षं, अशी रचना होती. १५,००० रुपयांच्या फोनवर ६ टक्के म्हणजे ९०० रुपये. त्या फोनमधलं देशी मूल्यवर्धन १५ टक्के असेल तर ते २,२५० रुपये. म्हणजे देशात जेवढं काम झालं त्याच्या ४० टक्के रक्कम सरकारने भरली. मूल्यवर्धन १० टक्केच असेल तर ६० टक्के. म्हणून पहिल्या दोन वर्षांत विक्रीवर पैसे देणं मला पटतं, कारण आधी आकार यावा लागतो. पुढच्या वर्षांत दर मूल्यवर्धनाशी बांधला नाही तर कारखाना योजनेच्या शेवटच्या दिवसापर्यंत जोडणीच करत राहील. फोनची निर्यात वाढली ही खरी कमाई आहे, तिला कमी लेखू नये. आत किती उरलं हा वेगळा प्रश्न आहे आणि तोही विचारलाच पाहिजे.

मूल्यवर्धन मोजताना सर्वात मोठी गळती कुठे होते तेही सांगतो. कारखानदार स्वतःच्या आयातीची बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काची नोंद, दाखवतो, ती विक्रीतून वजा होते. पण तोच भाग मुंबईच्या व्यापाऱ्याकडून जीएसटी बिलावर घेतला की कागदावर तो देशी खरेदी ठरतो. माल मात्र चीनमधल्या शेन्झेनचाच. उपाय म्हणजे खर्चाच्या मोठ्या दहा-पंधरा भागांसाठी एक पायरी मागे जायचं: पुरवठादाराची आयात, त्याचं उत्पादन आणि वीजबिल. वीजबिल नगण्य आणि विक्री कोट्यवधींची असेल तर तिथे व्यापार चाललाय, उत्पादन नाही. प्रोत्साहन जर भांडवली गुंतवणुकीवर असेल तर गळती यंत्राच्या बिलात होते. जुनं यंत्र नव्याच्या भावात, किंवा गटातल्याच दुसऱ्या कंपनीकडून फुगवलेल्या किमतीत. तिथे चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र पुरत नाही. त्याच क्षमतेच्या यंत्राचे दोन स्वतंत्र भाव घ्यावे लागतात.

तिसरं गणित मुदतीचं, आणि माझ्या लेखी हेच सर्वात महत्त्वाचं. जुन्या अर्थशास्त्रात याच्या दोन कसोट्या आहेत. जॉन स्टुअर्ट मिल हा अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, उद्योग शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. त्याच्यानंतरचा अर्थशास्त्रज्ञ बॅस्टेबल पुढे जातो: नंतरचा फायदा आजच्या किमतीत आणला तर तो आजवरच्या खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. समजा संरक्षणाचा समाजाला खर्च वर्षाला १०० कोटी आणि व्याजदर १० टक्के. आठ वर्षं मदत दिली तर आजच्या किमतीत खर्च सुमारे ५३३ कोटी, आणि तो भरून यायला नवव्या वर्षापासून कायमचा दरवर्षी ११४ कोटींचा फायदा हवा. अवघड, पण शक्य. हीच मदत पंधरा वर्षं लांबली तर खर्च ७६१ कोटी होतो आणि फायदा दरवर्षी ३१८ कोटी लागतो. मुदत दुपटीहून कमी वाढली, अपेक्षा जवळजवळ तिप्पट झाली. 'अजून दोन वर्षं वाढवून द्या' अशी मागणी येते तेव्हा हा तक्ता टेबलावर असायला हवा.

उलट बाजूने, पैसे उशिरा देणं हीही मोठी चूक आहे. दहा कोटींचा दावा तीन वर्षांनी मिळाला तर १२ टक्के दराने त्याची किंमत सात कोटी बारा लाख उरते. सरकारच्या खिशातून दहा गेले, उद्योजकाच्या निर्णयात सातच मोजले गेले. मोठी कंपनी थांबू शकते, छोटी थांबू शकत नाही. म्हणून कमी दराचं पण ठरल्या दिवशी मिळणारं प्रोत्साहन मी जास्त चांगलं मानतो.

कोरियाची नक्कल करायला निघालेल्यांनी एक भिंत लक्षात ठेवावी. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत निर्यातीला जोडलेलं अनुदान आणि देशी भाग वापरण्याची सक्ती, दोन्ही निषिद्ध आहेत. मोटारींसाठी देशी भागांची आणि आयातीइतक्या निर्यातीची अट घालणारे करार भारताने नव्वदीत मोटार कंपन्यांशी केले. युरोप आणि अमेरिकेच्या तक्रारीवर २००१ मध्ये निकाल विरुद्ध गेला. सौर पेशींवरच्या देशी मालाच्या अटीचंही २०१६ मध्ये तसंच झालं. निर्यात प्रोत्साहन योजनांविरुद्ध २०१९ मध्ये निर्णय लागला. पीएलआय निर्यातीऐवजी विक्रीला बांधलेली आहे, ती या भिंतीमुळे. तेव्हा पतपत्राची पद्धत उचलता येत नाही, पण तिच्यातला गाभा उचलता येतो: पात्रता ठरवणारा आकडा अधिकाऱ्याच्या मर्जीबाहेरचा असावा. जागतिक भावाशी तुलना, एखाद्या मोठ्या खरेदीदाराची गुणवत्ता मान्यता, दर दहा लाख नगांमागे नाकारलेले नग. हे आकडे खोटे पाडणं कठीण असतं.

राज्य पातळीवर आपली सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. एमआयडीसी १९६२ ची. तालुक्यांचे गट पाडायचे आणि मागास गटाला जास्त सवलत, ही तिची मूळ कल्पना. ती चालली कुठे? वाळूजला. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे गेला आणि पाठोपाठ त्याचे व्हेंडर गेले. पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंडो-जर्मन टूलरूमसारखी संस्था आली. साचे आणि डाय बनवणारी माणसं तिथे तयार झाली. मूळ सवलत संपली तरी ती माणसं आणि ते कारखाने राहिले. हर्षमनचे मागचे दुवे म्हणतात ते हेच. जिथे फक्त एक युनिट सवलतीसाठी गेलं आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर दुरुस्त करणारा, बेअरिंग मिळणारं दुकान, वेल्डिंगची तपासणी करणारी प्रयोगशाळा यातलं काहीच पन्नास किलोमीटरच्या आत नव्हतं, तिथे सवलतीचं शेवटचं वर्ष हेच उत्पादनाचं शेवटचं वर्ष ठरतं.

म्हणून निधी मर्यादित असेल तर मी कंपनीच्या हातात रोख देण्याआधी सामाईक सोयी पाहीन: टूलरूम, चाचणी प्रयोगशाळा, उष्णताप्रक्रिया, अखंड वीज. त्यांचा फायदा एका कंपनीला लाटता येत नाही, आणि एक कंपनी निघून गेली तरी दुसरीला तो मिळतो. पीएलआयच्या अनेक योजनांत गुंतवणुकीची किमान अट मोठी असते, काहींत तर शेकडो कोटींची. भोसरीचा तीन कोटींचा प्रेस शॉपवाला त्यात कधीच बसणार नाही. त्याला कोरियाच्या स्थानिक पतपत्रासारखं काहीतरी हवं: मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर, तिच्याच व्याजदराने, तीस दिवसांच्या आत खेळतं भांडवल. बिलं सवलतीने वटवणारा ट्रेड्स मंच आता आहे, पण मोठ्या खरेदीदाराने बिल तिथे वेळेवर मान्य केलं तरच छोट्याला पैसे मिळतात. प्रोत्साहनाचा हप्ता देताना ही मान्यता किती दिवसांत दिली जाते ते अट म्हणून जोडलं, तर मोठ्याला दिलेल्या रुपयाचा काही भाग आपोआप खाली झिरपेल.

तुमच्या आमदाराला किंवा उद्योग विभागाला कोणत्याही योजनेबद्दल माहिती विचारायची असेल तर 'किती गुंतवणूक आली' हे विचारू नका. तो आकडा सामंजस्य करारांचा असतो. प्रत्येक लाभार्थी युनिटमागे हे विचारा: आतापर्यंत प्रत्यक्ष दिलेली रक्कम, देशी मूल्यवर्धनाची टक्केवारी पहिल्या वर्षी आणि आज, भविष्य निर्वाह निधीत नाव असलेले कामगार, आणि लाभ संपल्यावर दोन वर्षांनी युनिटचा वीजवापर.